कंडक्टरबाईनं एम.ए. कुठून करावं?

"हं, बोला. कासेगाव येईपर्यंत येळ हाय."

हे वाक्य तुम्ही सातारा-सांगली गाडीत ऐकलं असेल, तर तुम्ही तिला ओळखता. मग माझं कुठं चुकलं तर मनातल्या मनात दुरुस्त करा. ऐकलं नसेल तर सांगते. ती कंडक्टर होती. हातात घड्याळ होतं, पण वेळ मोजायची थांब्यांनी. कुणी भांडण काढलं, कुणी रडगाणं लावलं, की ती दाराजवळच्या सीटवर बसून तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवायची, हनुवटी वर करायची आणि पुढच्या थांब्याचं नाव सांगायची. तो थांबा आला की तुमचं म्हणणं संपलं. अर्धं राहिलं तरी संपलं. तिचं नाव लिहीत नाही. ड्रायव्हर तिला 'ताई' म्हणायचा, कॉलेजची पोरं 'मॅडम', आणि मी 'अगं'.

आमची ओळख मला पंच्याहत्तर पूर्ण झाल्यावर झाली. पंच्याहत्तरीनंतर लाल गाडीचा प्रवास फुकट, हे कळल्यापासून मला सांगलीच्या धाकट्या बहिणीचा भलताच उमाळा येऊ लागला. दर मंगळवारी साताऱ्याहून निघायचं, बहिणीकडं जेवायचं, तिच्या सुनेच्या आमटीला नावं ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी परत. चौथ्या मंगळवारी ही म्हणाली, "आवं आजी, सांगलीत कोण आजारी हाय का?"

"कुणी नाही."

"मग दर मंगळवारी?"

"फुकट आहे म्हणून."

ती इतकी हसली की मागच्या माणसाला दोनदा तिकीट दिलं.

एकदा कराड स्टँडात गाडी थांबली होती. तिनं पिशवीतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली जाडजूड कादंबरी काढली. साताऱ्याच्या शाळेत मी तीसेक वर्षं मराठी शिकवलेलं. मला कुठलं राहवतंय?

"कुणाचं पुस्तक? पोराचं का?"

"माझंच की. बी.ए. झालं माझं बाहेरून. आता पीएचडी करायची."

"अगं, मधे एम.ए. असतं."

"तेच तर आजी! कुठनं करावं ते ठरंना." मग तिनं घंटीची दोरी ओढली आणि गाडी निघाल्यावर माझ्याकडं वळली. "तुमी मराठीच्या बाई ना? मग एक सांगा मला, कासेगाव येईपर्यंत. ह्या पुस्तकातली बाई संकट आलं की विहिरीकडं जाती. मी लय पुस्तकं वाचली. विहिरीकडं, न्हाईतर नदीकडं. माझ्या गाडीतली बाई संकट आलं की माहेरची गाडी धरती. आठ वर्सं बघतीया. एक पिशवी, एक पोरगं, डोळं लाल. आठ-दहा दिवसांनी त्याच पिशवीसकट परत. विहिरीत कोण जात न्हाई असं न्हाई म्हणत मी. पण परत येणाऱ्या किती जास्ती हायत! त्या पुस्तकात का न्हाईत?"

मी घसा खाकरला. चष्मा पुसला. पुन्हा घसा खाकरला. कासेगाव आलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि तिकिटं द्यायला मागं गेली. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिलेली बाई मी, एका थांब्यात नापास.

तिच्यापुढं वाटा तीन होत्या. नोकरी सांभाळून बाहेरून एम.ए. करायचं. पण पीएचडीच्या मुलाखतीत बाहेरून म्हटलं की नाकं मुरडतात, असं तिनं ऐकलेलं. दुसरी वाट पुण्याच्या मोठ्या विभागाची. नाव मोठं, पण त्यासाठी बिनपगारी रजा, आणि रजा नाही मिळाली तर राजीनामा. तिसरी सांगलीतल्या एका लहानशा कॉलेजची. तिथं एम.ए.चे वर्ग भरतात, हेच निम्म्या सांगलीला ठाऊक नव्हतं.

मग तिनं काय केलं? गाडीत चढणाऱ्या प्राध्यापकांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. ज्याच्या विभागात शिकायचं त्याला आधी आपला प्रश्न विचारून बघायचा. वेळ एका थांब्याचा.

कराडहून इस्लामपूरला रोज जाणारे एक सर होते. ते म्हणाले, "विहीर हे प्रतीक आहे."

"कशाचं, सर?"

झालं. सरांनी डोळे मिटले आणि सुरू झाले. कासेगाव गेलं, नेर्ले गेलं, पेठनाका गेला. त्यांचा ओघ बघून तीसुद्धा थांबा आल्याचं सांगायला विसरली. सरांनी डोळे उघडले तेव्हा इस्लामपूर मागं पडून आष्टा आलं होतं. तिनं शांतपणे मशीन काढलं. "इस्लामपूर ते आष्टा एक. नियम म्हंजे नियम, सर."

दुसरे एक सर म्हणाले, "आधी एम.ए. तर करा. प्रश्न नंतर पडतील."

"पडलाय की आधीच! त्याला आता काय करू?"

हळूहळू अख्खी गाडी तिच्या एम.ए.ला लागली. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक आप्पा म्हणायचे, "पुन्याला जा ताई. लग्नपत्रिकेत छापलं तरी उठून दिसतंय." कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेली मावशी म्हणाली, "जितनं सांजच्याला घरी येता येतंय तितनं कर, बाय." ड्रायव्हर म्हणायचा, "एम.ए. कुठनं बी करा, पर घंटी येळेवर मारा."

आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा. "पुणंच! मोठं नाव लागतं गं पुढं. मी स्वतः पुण्याला एम.ए. केलंय." मग मी एका थोर सरांचं नाव घेतलं आणि वर म्हटलं, "त्यांच्या हाताखाली." हे वाक्य मी पन्नास वर्षं म्हणत आले होते. इतकं गुळगुळीत झालं होतं की घशातून आपोआप घरंगळायचं.

पुढच्या मंगळवारी मी चढले तर ती खुशीत. खाकी कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. "रजेचा अर्ज लिवलाय. उद्या डेपोत देती. न्हाई मिळाली रजा तर राजीनामा. पुण्याचं ठरलं आजी, तुमच्या भरवशावर."

"अगं, पण तिथं शिकायचं कुणाकडं?"

तिनं पिशवीतलं एक पुस्तक पालथं केलं. मागं एका बाईंचा फोटो. गालावर हात, नजर लांब. "ह्या मॅडमकडं. तिथंच असत्यात म्हणं."

फोटो बघितला आणि मी माझी पिशवी सरकवून शेजारी जागा केली. "इकडं बस. तुला एक सांगायचंय."

"पेठनाका येईपर्यंत सांगा."

सांगितलं. तुम्हालाही सांगते, आता लपवायला उरलंय काय?

मी एकवीस वर्षांची होते आणि महामूर्ख होते. रविवारच्या पुरवणीत त्या सरांचा फोटो आला होता. काळेभोर दाट केस, हनुवटीखाली मूठ. मी ठरवलं, एम.ए. करायचं तर यांच्याकडं, मग पीएचडीही यांच्याकडंच. वडील म्हणाले, कोल्हापूर जवळ आहे. मी अन्नत्याग केला. तो संध्याकाळी पाचपर्यंत टिकला, कारण पाचला घरात कांदाभजी झाली. पण वडील नमले. जूनमध्ये थाटात पुण्याला गेले आणि कळलं की सर मे महिन्यात निवृत्त झाले.

शहाण्या मुलीनं हे घरी कळवलं असतं. मी घरी पत्र लिहिलं, 'सरांनी आज माझ्याकडे पाहून मान डोलावली.' मग दोन वर्षं सर पत्रातून मान डोलावतच राहिले.

एम.ए. झालं. पीएचडीच्या मुलाखतीला दुसऱ्या विद्यापीठात गेले. टेबलापलीकडं चारजण, त्यांत एक पाहुणे परीक्षक. विचारलं, कुणाकडे शिकलात? सवयीनं सरांचं नाव निघून गेलं. काय शिकलात? मग मी थांबते होय! सर पुस्तक कसं मिटायचे, मिटून खिडकीबाहेर कसे बघत राहायचे, त्या शांततेतच आम्हाला कसं सगळं कळायचं. माझे स्वतःचे डोळे भरून आले. तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेले एक टकले म्हातारे गृहस्थ अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मला खिडकीबाहेर बघायची सवय आहे, हे मला माहीत नव्हतं."

पुरवणीतला फोटो वीस वर्षांपूर्वीचा होता. केस फोटोतच राहिले होते.

शाळेतला आवाज माझा, अख्ख्या गाडीनं ऐकलं होतं. मग ड्रायव्हर असा हसला की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. आप्पांनी टोपी काढून डोळे पुसले. ती मात्र हसली नाही.

"मग त्यांनी घेतलं का तुमाला?"

"कशाला घेतील?"

"मग दुसरीकडं अर्ज?"

"नाही केला. लाज वाटली. साताऱ्यात शाळेत लागले आणि तेच सांगत राहिले."

"पन्नास वर्सं?"

"पन्नास."

पेठनाका केव्हाच मागं गेला होता. तिनं मला थांबवलं नव्हतं.

इस्लामपूर स्टँडात गाडी उभी राहिल्यावर तिनं पुण्याच्या विभागात फोन लावला. "मॅडम हायत का? हायत? बरं. एम.ए.ला काय शिकवत्यात?" ऐकता ऐकता तिचा चेहरा लांब झाला. फोन ठेवून म्हणाली, "मॅडम हायत. पण एम.ए.ला शिकवतच न्हाईत." रजेचा अर्ज तिनं फाडला नाही. घडी मोडून कोऱ्या बाजूवर त्या दिवसाचा हिशेब मांडला.

पंधरा दिवसांनी आष्ट्याला एक बाई चढल्या, काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. सांगलीच्या त्या लहानशा कॉलेजात त्या शिकवायच्या. तिनं तिकीट दिलं, प्रश्न विचारला आणि म्हणाली, "सांगली येईपर्यंत येळ हाय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, हीपण नापास. मग म्हणाल्या, "मला माहीत नाही. तुम्ही अशा किती बायका पाहिल्या?"

"लय."

"लय म्हणजे किती? लिहून ठेवलंय?"

"न्हाई."

"मग उद्यापासून लिहा. नाव नको. कुठून कुठं चालली, बरोबर कोण, परत कधी आली, काही बोलली तर तिच्याच शब्दांत. दोन महिन्यांनी मला आणून दाखवा."

"आणि अ‍ॅडमिशन?"

"ती मिळेल हो. आमच्याकडं बाराच जण असतात. पंखे दोन आहेत, त्यातला एक फिरतो."

बाई उतरल्यावर मी लगेच कुरकुरले, "अगं, पण नाव? पुढं कोण विचारणार या कॉलेजला?"

"आजी, बाकीच्यांनी मला उत्तरं दिली. ह्या बाईनं काम दिलं."

दोन महिन्यांत तिनं दोन वह्या भरल्या, बाईंना नेऊन दाखवल्या आणि सांगली डेपोत बदली मागून घेतली. पहाटेची इस्लामपूरची फेरी करायची आणि अकराला खाकी कोटातच वर्गात जाऊन बसायचं. वर्गातही सवय सुटली नाही. कुणी निबंध वाचताना भरकटलं की ही मागून म्हणायची, "मुद्द्याव या, थांबा आला." हे मला त्या बाईंनीच एकदा गाडीत भेटल्यावर सांगितलं. आमच्या वेळा जुळेनात, म्हणून दोन वर्षं आमची भेट फोनवर. मंगळवारी मी तिच्या जुन्या गाडीत बसायचे आणि नव्या कंडक्टरला उगाच सूचना करायचे.

एम.ए. झाल्यावर तिनं चार ठिकाणी पीएचडीचे अर्ज केले. तीन ठिकाणांहून बोलावणंच आलं नाही. मी मनात म्हटलं, तरी सांगत होते, नाव लागतं. चौथं बोलावणं दक्षिणेतल्या एका मोठ्या विद्यापीठाचं. मुलाखत झाल्या झाल्या तिचा फोन.

"त्यांनी इचारलं, एवढ्या लहान कॉलेजातनं एम.ए.?"

"मग गं?"

"म्हटलं, व्हय. बाराच जण हुतो, म्हणून माझा निबंध बाईंनी सात येळा परत केला. शंभरात बसले असते तर एकदा तरी केला असता का? मग त्यांनी वह्या मागितल्या. सगळ्या चाळल्या."

"आणि तुझ्या बाईंबद्दल काय सांगितलंस?"

"जे झालं तेवढंच. खिडकीबिडकी काय न्हाई."

घेतलं तिला. रजाही मंजूर झाली.

तिला सोडायला मी मिरज स्टेशनवर गेले. बरोबर लसणीच्या चटणीचा डबा आणि उपदेश. चटणी तिनं घेतली. रेल्वेच्या डब्यात तिच्या समोरच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर पोरगं, पायाशी पिशवी, डोळे लाल. हिनं आपली खिडकीची जागा त्या पोराला दिली, पुढं झुकली आणि हळूच काहीतरी विचारलं.

गाडी हलली. मी हात वर केला, चांगला उंच. तिचं लक्षच नव्हतं. ती बाई काहीतरी बोलत होती आणि ही ऐकत होती. ऐकता ऐकता लांब गेली.

माझा वर केलेला हात बघून चहावाला धावत आला. घेतला मग एक चहा.