गालावरची तीट

निजामाच्या अमदानीत पाटोद्याच्या बाजारात माझ्या कापडाच्या पालाशेजारी एक तसबीरवाला कॅमेरा मांडून बसायचा. माणूस घुमा, पोरांशी लाडानं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नाही. मात्र पोराची तसबीर आईच्या हातात दिली की तो हटकून विचारायचा, "काय चुकलं ते सांग, माय." एकीनं पोरगं भेदरलेलं दिसतं म्हणताच पुढच्या बाजाराला तो शेळीचं करडू घेऊन आला. पोरं करडाकडं बघून खुलायची आणि तेवढ्यात हा तसबीर काढायचा.

छापण्याआधी चेहऱ्यावरचे डाग तो कॅमेऱ्यातून निघालेल्या काचेवरच मिटवायचा. एकदा एक बाई तसबीर घेऊन परत आली.

"लेकराची तीट कावून पुसली? नजर लागंल न्हाई का?"

"मला डाग वाटला, माय," तो म्हणाला आणि कुंचल्यानं तिथं काळा ठिपका दिला.

पुढं मी माझ्या लेकीला त्याच्यासमोर बसवलं. तिची आई तिच्या वेळच्या बाळंतपणातच गेली होती. तीट लावायचं घरात कुणाच्या ध्यानात राहत नसे; त्या दिवशीही राहिलं नव्हतं. तसबीर देताना त्यानं मला काय चुकलं ते विचारलं नाही. मी पाहिलं, तर पोरीच्या गालावर तीट होती.