भित्रा हात

दाढी करता करता गिऱ्हाइकाचा डोळा लागावा, इतका वस्तरा हलका. म्हणून त्या सलूनवाल्यांना सगळे अलगदकाका म्हणत. एकदा ऐन दाढीत एक गिऱ्हाईक शिंकलं आणि हनुवटीखाली बारीकशी चीर पडली. गिऱ्हाईक हसलं, काकांनी तुरटी लावली, विषय मिटला. काका तो प्रकार विसरूनही गेले.

हात मात्र विसरला नव्हता. गळ्यावरून फिरता फिरता वस्तरा मध्येच वर उचलला जाई, क्षणभर हवेत थांबे आणि पुन्हा कामाला लागे. काकांच्या ते गावीही नव्हतं. छातीत धडधड नाही, घाम नाही. तोंडाचा पट्टा चालूच. लक्षात आलं ते काकूंच्या. सलूनच्या कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालताना त्यांनी सहज विचारलं, "हल्ली भिता का हो तुम्ही?"

काका उखडले. भ्यायला आपण काय काल वस्तरा हातात धरला? पण तो प्रश्न डोक्यात घर करून बसला. काका स्वतःच्या हातावर पहारा ठेवू लागले, आणि आता भीती खरोखरीची आली. गिऱ्हाइकाने मान मागे टाकली की यांच्या तोंडाला कोरड पडे. शेवटी दाढ्या बंद करून ते नुसते केस कापू लागले. काकांनी हात आखडता घेतला, अशी थट्टा गिऱ्हाइकं करत. काका हसत, पण ते हसणं जिवावर येई.

गिऱ्हाइकांना दुसरी दुकानं होती. थोरल्या भावाचं काय? अर्धांगवायूचा झटका आल्यापासून दादा अंथरुणाला खिळलेला. खोकल्याची उबळ कधी येईल याचा नेम नाही. दुसऱ्या कुणाला तो गळ्याला हात लावू देत नसे. दर रविवारी काका घरी जाऊन त्याची दाढी करत. आता आज ताप, उद्या पाहुणे, अशा सबबी सुरू झाल्या. अखेर वहिनींचा फोन आला. दादाने खोलीतला आरसा भिंतीकडे फिरवायला लावला होता.

काका गेले. साबणाचा फेस लावला, वस्तरा उघडला आणि तो तसाच धरून उभे राहिले.

"दादा, मला भीती वाटते रे."

आजवर हे ते कुणापाशी बोलले नव्हते. दादाची जीभ जड झाली होती, फटकळपणा शाबूत होता. "वाटू दे. तू दुकानातलं काहीतरी सांग."

पुरतं टक्कल असूनही मधला भांग पाडा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट काका सांगू लागले. सांगण्यात रंगले, पहारा सुटला. आणि ऐन गळ्यावर वस्तरा झटकन वर उचलला गेला. झालं, पुन्हा तेच, म्हणून काका खट्टू झाले. तोच दादाला उबळ आली. सगळी खाट हादरली. वस्तरा वीतभर दूर होता.

थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं: आधी हात उठला, मग खोकला आला. खोकण्याआधी गळ्याची कातडी किंचित ताणली जाते, ते बोटांना कळत होतं. काकांपर्यंत बातमी मागाहून पोहोचत होती.

दादाच्याही ते ध्यानात आलं. "भित्रा आहे तुझा हात," तो म्हणाला. "भिऊ दे त्याला. माझा गळा त्याच्याच भरवशावर आहे."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते न पुसताच त्यांनी दादाचा दुसरा गाल ताणून धरला आणि वहिनींना आरसा सरळ करायला सांगितला.