गोळी कुणाच्या हातची

"आवाज येतोय का सगळ्यांना?" दुपारचा क्लास सुरू झाला की सर हे विचारायचे, आणि माझा माईक बंद असला तरी मी मोठ्यानं म्हणायची, "येतोय सर." बाकीचे अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळे व्हायचे. अंगठा मलाही पाठवता यायचा. पण दिवसभरात पेशंट सोडून दुसऱ्या कुणी मला काही विचारलंय, असं तेवढंच असायचं. त्याला तोंडानं उत्तर द्यायला नको?

मी आरोग्यसेविका. तेव्हा वडिवळ्याच्या धरणाजवळच्या उपकेंद्रात होते आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत राहत होते. लेक लग्न होऊन नाशिकला गेलेली. नवरा गेलेला. त्यांना बीपी होतं, आणि बरं वाटायला लागलं की ते गोळी सोडायचे. मी ओरडले की पुन्हा धरायचे, पुन्हा सोडायचे. एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या अंगावरून वारं गेलं, आणि नंतर ते काही उठले नाहीत. गावभर लोकांची बीपी मोजत फिरणारी बाई मी, आणि माझ्याच घरात हे झालं. लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. मीही बोलले असते.

तर वरून आदेश आला की सगळ्यांनी ऑनलाइन प्रशिक्षण घ्यायचं. बीपी, शुगर असले आजार होऊच नयेत म्हणून काय करायचं आणि झालेच तर ते ताब्यात कसे ठेवायचे, असा विषय. कागदावर त्यांना असंसर्गजन्य आजार म्हणतात. एकाचे दुसऱ्याला होत नाहीत ते. खोलीत रेंज यायची नाही. मागच्या पायरीवर भिंतीला पाठ टेकून बसलं की यायची. समोर भातखाचरं, मांडीवर फोन, आणि फोनमध्ये नुसते काळे चौकोन, त्यांच्यावर नावं. पहिल्या दिवशी मी चांगली साडी नेसून, केस विंचरून कॅमेरा लावला होता. सर म्हणाले, मॅडम, कॅमेरा बंद ठेवा, नेट अडकतंय. मग मीही काळा चौकोन झाले. खरं सांगते, वाईट वाटलं.

प्रशिक्षणात गृहपाठ होता. आपल्या भागातला बीपीचा एक पेशंट निवडायचा, आणि कोर्स संपेपर्यंत त्याचं बीपी ताब्यात आणून दाखवायचं. मी शेजारच्या मावशीला धरलं. उपकेंद्राच्या कुंपणाला लागूनच तिचं घर. नवरा मागेच गेलेला, मुलगा तळेगावकडं कंपनीत, खोली घेऊन तिकडंच राहतो, सणाला येतो. कोंबड्या आणि ती, एवढंच घर. हाताला पट्टा बांधला, मशीनवर आकडा भलताच वर आला, म्हणून पट्टा सोडून पुन्हा बांधला. दुसऱ्या दिवशी मोजलं, तरी तेच. तिची थोरली बहीण पण बीपीनंच वारं जाऊन आडवी झाली होती, पुढं किती वर्षं तोंडात घास भरवावा लागला. मावशीला घास भरवायला घरात होतं कोण? म्हणून मला गृहपाठाचं कमी आणि तिचंच जास्त पडलं होतं. कुंपणापलीकडं सकाळी कोंबड्यांचा आवाज आला नाही, तर माझा जीव वरखाली व्हायचा.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. मावशी काही कुरकुरली नाही. रोज संध्याकाळी एक घ्यायची, विसरायचं नाही, असं मी बजावलं, आणि ती "व्हय व्हय" म्हणाली. मी दर आठवड्याला मोजायची, पण आकडा काही हलेना. मग मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले. लोणच्याची बरणी वर फळीवर ठेवली, सुकटीचा डबा माझ्या घरी आणला. भाकरीच्या पिठात मीठ घालू नका म्हटलं, तर म्हणाली, मग गिळायची कशी ती? तेवढ्यावरून आमचं चांगलंच वाजलं. तिनं मीठ सोडलं, पण आकडा तिथंच.

एकदा तिच्यासाठी तांदूळ काढून द्यायला म्हणून कणगीत हात घातला, तर हाताला प्लास्टिकची पिशवी लागली. आत गोळ्या. पाकिटंच्या पाकिटं, जशीच्या तशी. माझं डोकंच फिरलं. मेलात म्हणजे मला फुकटचा ताप, असं काहीबाही मी बोलून गेले. ती शांत होती. म्हणाली, "तू येतीस तवा तुज्या म्होरं घेतेच की मी. आपल्याच हातानं औषीद घिऊन कुणाला गुण आलाय?"

झालं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी मोजायला यायची, त्या दिवशी सवयीनं गोळी काढून तिच्या हातावर ठेवायची, आणि ती बिनतक्रार घ्यायची. बाकीचे दिवस ती आपल्या हातानं घेतच नव्हती, कारण तिच्या लेखी औषधाला देणाऱ्याचा हातगुण लागतो. काढा सासूच्या हातचा, अंगारा भगताच्या हातचा, इंजेक्शन कामशेतच्या म्हाताऱ्या डॉक्टरच्याच हातचं. नवरा होता तोवर तापाची गोळीसुद्धा त्यानं दिल्याशिवाय तिनं घेतली नव्हती. गोळ्या टाकून द्यायचं पाप नको म्हणून तिनं त्या तांदळात जपून ठेवल्या होत्या.

आमच्या आशाताईला मी सांगून बघितलं, की येता जाता तेवढी गोळी देत जा. मावशीनं तिला बसायला पाट दिला, चहा दिला, गोळी मात्र घेतली नाही. नंतर मला म्हणाली, तिच्या हातनं लावलेलं वांग्याचं रोपबी जगत न्हाई. क्लासमध्ये मी धीर करून माईक चालू केला आणि सरांना हे सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, पेशंटनं स्वतःची काळजी स्वतः घ्यायला शिकलं पाहिजे, तेच आपलं ध्येय आहे, पुढच्या भागात ते येईलच. पुढच्या भागात ते आलं. पडद्यावर हसरी म्हातारी होती, तिच्या एका हातात पाण्याचा ग्लास आणि दुसऱ्या हातात गोळी. तिच्या घरात दुसरं कुणी दिसत नव्हतं. मी फोन पालथा घातला आणि खाचरांकडं बघत बसले.

मग मीच रोज संध्याकाळी जायला लागले. दिवेलागणीला कुंपणातून वाकून पलीकडं जायचं, गोळी तिच्या तळहातावर ठेवायची, तांब्या पुढं करायचा. त्याच सुमारास क्लासमध्ये आम्हाला स्वतःचं बीपी मोजायला लावलं, आणि माझंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी मलाही तीच गोळी सुरू केली. मावशीला मी सांगणार नव्हते. पण तिनं माझा चेहरा वाचला आणि खोदून खोदून काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, तुजी गोळी पण हितंच आण. मी नेली. तिनं ती कपाळाला लावली, पुटपुटली काहीतरी, आणि माझ्या हातावर ठेवली. मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं. नवरा गेल्यापासून माझ्या हातावर कुणी काही ठेवलं नव्हतं.

त्यानंतर दोघींचे आकडे उतरायला लागले. मला माहीत होतं की औषध वेळेवर पोटात गेलं म्हणून उतरले. ती म्हणायची, बघ, हाताला गुण हाय का न्हाई. मी वाद घातला नाही. पेशंट बरा होतोय म्हटल्यावर वाद कशाला?

कोर्स संपला. प्रमाणपत्र फोनवरच आलं. आणि पाठोपाठ आदेश आला, की माझं काम चांगलं झालंय, तर आता लोणावळ्याच्या दवाखान्यात लोकांची बीपी-शुगर तपासायला बसा. नाही म्हणायची सोय नव्हती. जायच्या आदल्या दिवशी मी मावशीला सगळं परत समजावलं. तिनं मान डोलावली आणि मुलानं दिलेला फोन दाखवला, म्हणाली हिरवं दाबायला येतंय मला. बोचक्यात इंद्रायणी तांदूळ बांधून दिला. कुंपणाजवळ उभी होती, पण हात काही हलवला नाही तिनं.

लोणावळ्यात स्टेशनपासून जवळच खोली घेतली. खाली चिक्कीचा कारखाना, दिवसभर जळक्या गुळाचा वास. शनिवार-रविवार रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते, सगळी हसत-खिदळत फोटो काढणारी माणसं. त्यांच्यातून भाजीची पिशवी घेऊन वाट काढताना मला जितकं एकटं वाटलं, तितकं त्या धरणाजवळ कधी वाटलं नव्हतं. धुकं पडलं की समोरची खिडकीही दिसायची नाही. दवाखान्यात दिवसभर लोकांना सांगायची, गोळी चुकवू नका. घरी आल्यावर माझी गोळी टेबलावर पडलेली असायची. उद्या घेऊ म्हणायची. कुणासाठी घ्यायची, असं मनात यायचं. गोळी सोडली की काय होतं हे मला कुणी शिकवायला नको होतं, तरी यायचं.

मावशीला फोन केला की ती म्हणायची, घेते गं, घेते. तिचा आवाज ऐकूनच मला कळायचं की घेत नाही. एका संध्याकाळी मी तिला उपकेंद्राच्या मागच्या पायरीवर जाऊन बसायला सांगितलं, तिथं रेंज येते म्हणून, आणि व्हिडिओ कॉल लावला. आधी नुसतं कपाळ दिसलं, मग आभाळ, मग एकदाची ती. चेहरा सुजल्यासारखा वाटला. मी दरडावून विचारलं, शेवटची गोळी कधी घेतली? ती म्हणाली, "तू गेलीस तवा." मी म्हटलं मरायचंय का तुम्हाला. तर माझ्याकडं निरखून बघत तिनं उलट विचारलं, "आन् तुजी?"

मला खोटं बोलता आलं नाही.

मग जे काही ऐकवलंय तिनं मला! शिकून सवरून अक्कल गहाण ठेवलीस का, नवऱ्याचं बघून शानी झाली न्हाईस, असं तोंडाला येईल ते. आणि मग म्हणाली, "थांब. आन तुजी गोळी." मी टेबलावरची गोळी आणली. तिनं कमरेची पिशवी सोडून तिची गोळी काढली, कपाळाला लावली आणि हात लांब करून फोनपुढं धरला. सुरकुतलेला तळहात, त्यावर पांढरा ठिपका. माझा सगळा पडदा त्या हातानं भरून गेला.

"घे माज्या हातनं," ती म्हणाली. "आन् मला बी दे."

मीही माझी गोळी तळहातावर ठेवली आणि फोनपुढं धरली. तेवढ्यात रेंज गेली. तिचा हात तसाच थिजला, मग काळा चौकोन झाला.

मी खिडकीपाशी उभी राहिले. एका हातात ग्लास, दुसऱ्या हातात गोळी, अगदी त्या पडद्यावरच्या म्हातारीसारखी. तिनं घेतली की नाही ते कळायला मार्ग नव्हता. पुन्हा फोन लावला, लागेना. खाली कारखान्याचं शटर पडलं. मग फोन वाजला. नुसता आवाजाचा, साधा.

"आवाज येतोय का गं?" मावशी ओरडत होती.

"येतोय मावशी."

"गिळली मी. तू?"

"मीपण," म्हटलं, आणि घेतली.