झाकून ठेवलेली दहीसाखर

माझं पहिलं मूल जन्मताच गेलं. अंगानं चांगलं थोराड, भरलेलं पोर होतं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, येईल त्या बाईला सांगत, "चादरीचे गठ्ठे उचलत बाजारात हिंडली, म्हणून गेलं." मी कारखान्यांवरून किरकोळ डागाच्या चादरी भाव पाडून आणायची आणि मोडनिंबच्या बाजारात विकायची. घर त्यावरच चालतं, हे मात्र त्या कुणाला सांगत नसत.

पुन्हा दिवस गेले, तेव्हा मागची हकीकत ऐकून डॉक्टरीणबाईंनी साखरेची तपासणी सांगितली. तीन दिवस भात-भाकरी पोटभर खायची, आदल्या रात्रीपासून फक्त पाणी. दवाखान्यात ग्लुकोजचं पाणी पाजून तासातासानं रक्त घेणार. "त्याआधी काही तोंडात गेलं, तर सगळं फुकट," असं त्यांनी बजावलं.

तीन दिवस आत्याबाईंचं लक्ष माझ्या ताटावर.

"तपासणी साखरेची, आन् भात किती चेपतीस गं?"

"डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"त्यांचं काय जातंय?"

मी मुद्दाम आणखी भात वाढून घेतला.

तपासणीच्या सकाळी त्या उंबऱ्यात वाटी घेऊन उभ्या. दहीसाखर. कामाला निघालेल्या आपल्या मुलांना त्यांनी कधी कोरड्या तोंडानं सोडलं नव्हतं. बाजाराला निघताना माझ्या हातावर मात्र ती कधी पडली नव्हती.

"बोटभर खा. एवढ्यानं काय हुतंय?"

माझं डोकंच फिरलं. "इतकी वर्षं नाही दिलीत, आज बरी आठवली?"

"बाजाराला कोण शकुन करतंय? ह्ये लेकराचं काम हाय की."

 काम लेकराचं खरं, पण खाल्लं असतं, तर पहिलं का गेलं ते कधीच कळलं नसतं. मग मी घासाघीस सुरू केली. वाटी झाकून ठेवा, आल्यावर खाते. त्या म्हणाल्या, न्हाय. शेवटी शकुनाला कपाळी कुंकू लावण्यावर सौदा पटला. माझ्या नावाची बोटभर दहीसाखर त्यांनी स्वतः खाल्ली आणि उरलेली झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी निकालाला मी त्यांनाच बरोबर नेलं. साखर वाढलेली निघाली.

"मागचं मूलही बहुधा यामुळेच गेलं असावं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गठ्ठे उचलल्यानं नाही ना?" मी मोठ्यानं विचारलं.

"तसं दिसत नाही."

आत्याबाई पदराचा काठ चाचपत राहिल्या.

मी पथ्य पाळलं, इंजेक्शनं टोचून घेतली. मुलगी रडत, हातपाय झाडत जन्माला आली. मला लावलेला दोष आत्याबाईंनी कधी मागे घेतला नाही, आणि मीही तो विसरलेले नाही. पण मी पुन्हा बाजाराला निघाले, तेव्हा त्या नातीला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. हातात वाटी.

मी चाखलं. नुसतं दही.

"आत्याबाई, आंबट आहे."

"मग? साखर घालू व्हय तुला?"