भावजींच्या राखाडी ओळी

आमच्या धाकट्या भावजींइतका बेतानं बोलणारा माणूस अख्ख्या निरगुडसरात झाला नाही, आणि ते बेताचं बोलणंही वाया घालवणारी माझ्यासारखी वहिनी अख्ख्या जुन्नरात झाली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते कॉलेजात होते. गोठ्याच्या दारातून म्हणाले, "वैनी, इशारा. तांबडी लाथ मारती." मी जुन्नरची, मॅट्रिक पास! गाय माझ्यापुढे काय मोठी? मिनिटभरात नव्या साडीसकट शेणात बसले. भावजी शांतपणे म्हणाले, "आता चूक." हात द्यायला मात्र तेच धावले.

पुढे पुण्याच्या नोकरीत त्यांनी आपल्या स्वभावाचीच एक चिमुकली लायब्ररी लिहिली, पुस्तकांची नव्हे, कोडची. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवायचे जे प्रोग्रॅम असतात, त्यांनी आपण काय करतोय ते कसं सांगावं, हे शिकवणारा कोड. साधी ओळ पांढरी, इशारा पिवळा, चूक लाल. आतली बारीकसारीक हकिगत राखाडी. ती मागितल्याशिवाय दिसायचीच नाही. "एवढंच?" मी नाक मुरडलं. "एवढंच. लई बोललं की कुणी वाचत न्हाई, वैनी." निवृत्त होऊन गावी आले तरी ओसरीवर बसून तिची डागडुजी चालूच. घरातही तोच खाक्या. दूध चढलं की "इशारा", उतू गेलं की "चूक". मधे उठून गॅस बंद करणं बहुधा नियमात बसत नसावं.

यंदा संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले, तर भावजी लॅपटॉप माझ्याकडे सरकवून म्हणाले, "वैनी, ही ओळ पिवळी का लाल?"

"अगंबाई, रंग तुम्हीच दिलेत आणि विचारता मला?" मी खदखदून हसले. ते हसले नाहीत. तेव्हा कुठे, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मला सुचलं. "भावजी, राखाडी सांगा."

"डाव्यानं वरीसभर नीट दिसत न्हाई. आता उजवाबी फसवतोय."

"आणि बोलला नाहीत?"

"कुणी इचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी एसटीनं त्यांना घोडेगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली टिकवू, डॉक्टर म्हणाले. येताना भावजींनी एसटीतच ठरवलं: आता प्रत्येक ओळीआधी "इशारा", "चूक" असा शब्दही लिहायचा, रंग न दिसणाऱ्यांसाठी.

तोवर रोज सकाळी मी ओसरीवर बसून वाचून दाखवते, "पांढरी, पांढरी, पिवळी." निघायच्या आधी विचारते, "आज डोळे कसे आहेत?"

"बरं हाय."

ही पांढरी ओळ. मी उठत नाही. पुन्हा विचारते.