बँडसरांची धून

आमच्या शेजारणीने माझी बासरी पहिल्यांदा ऐकली ती भिंतीतून. हॉलंडमधल्या लायडस्खेनडाम या आमच्या गावातली घरं भिंतीला भिंत लागून, आणि भिंती पातळ. रविवारी दुपारी तिने बेल वाजवली तेव्हा तक्रारच असणार असं धरून मी दार उघडताच सॉरी म्हणून टाकलं.

"कशाबद्दल?" ती म्हणाली. "मघाशी वाजवलंस ते परत वाजव ना."

ती प्राथमिक शाळेत शिकवायची आणि एका बँडमध्ये व्हायोलिन वाजवायची. आसपासच्या गावांतली पाच-सहा माणसं, त्यांत एक बॅगपाइपवाला, एक अकॉर्डियनवाला. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या धुना आणि इथली लोकगीतं घेऊन त्यांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमची जोड द्यायची, असं त्यांचं काम.

मी वाजवत होतो ती आमच्या शाळेच्या बँडची धून. पंधरा ऑगस्टच्या संचलनासाठी बँडसरांनी ती स्वतः बांधली होती. बँडमधल्या मुलांना शाळेकडून पांढरे कॅनव्हासचे बूट मिळत आणि वर्षअखेरीला ते परत करावे लागत. माझे वडील यंत्रमागावर कामाला होते, घरात बूट कोणाकडेच नव्हते. सरांनी माझे बूट परत मागितले नाहीत. दहावीचे सगळे पेपर मी ते घालून दिले. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्यात ते बूट कुठेतरी आहेत, असं मी मानतो.

शेजारणीने फोन टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. मी वाजवलं खरं, पण सगळा वेळ त्या लाल ठिपक्याकडे बघत.

पुढच्या रविवारी त्यांच्या तालमीला गेलो, तर धून त्यांना पाठ. बॅगपाइपवर ती अशी उठली की माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच मनात आलं, गेली आता हातातून. मी आत येताच बँडमधले दोघे डचमध्ये बोलता बोलता थांबले होते. शेजारणीची वही उघडी होती. तीत आमच्या धुनेचं नोटेशन, वर प्रश्नचिन्ह आणि खाली कोरी ओळ. ती ओळ कशासाठी, ते मला विचारवलं नाही.

"स्वतःचं नाव घालणार तिथे," मी घरी बायकोला म्हणालो.

"सरांनी पेटंट घेतलं होतं का?"

"चेष्टा नको. उद्या सीडी काढतील."

"अहो, सीडी कोण घेतं आता? आणि एवढा संशय आहे तर विचारा की. रॉटरडॅमच्या ऑफिसात मॅनेजरला ईमेलवर ईमेल टाकता, आणि शेजारणीला घाबरता?"

मी विचारलं नाही. तालमींना मात्र जात राहिलो, पहाऱ्याला बसल्यासारखा. कोणी वही बंद केली तरी मला खटकायचं. कॉफीबरोबर बिस्किटाचा डबा दुसऱ्यांदा पुढे आला, तेव्हा तर मला गोडीत घेताहेत अशी खात्रीच पटली. इथे डबा एकदाच फिरतो, असं मी ऐकून होतो.

जूनमध्ये गावच्या जत्रेत त्यांचा कार्यक्रम होता. दुपारी मांडवामागे बासरी पुसता पुसता शेवटी मी बोललो. "ही धून माझ्या सरांची आहे. तिच्यावर दुसऱ्या कोणाचं नाव लागलेलं मला चालणार नाही."

शेजारणीने वही काढली आणि एकेक पान उलटत गेली. प्रत्येक धुनेखाली एक ओळ होती: ही कोणाकडून मिळाली. कुणी मासेमार, कुणाची आत्या, कुठला चर्चमधला ऑर्गनवाला.

"वाजवण्याआधी आम्ही हे स्टेजवरून सांगतो," ती म्हणाली. "तुझी ओळ कधीची कोरी ठेवलीय. आज विचारणारच होते. सरांचं नाव काय?"

मी तोंड उघडलं. पाच वर्षं त्यांच्यासमोर ताठ उभा राहिलो होतो. आम्ही त्यांना बँडसर म्हणायचो, हेडमास्तरही बँडसर म्हणायचे. त्यांचं आडनाव मी कधी विचारलं नव्हतं. त्यांचे बूट कसे होते तेही मला आठवेना.

"बँडसर," मी म्हणालो. तिने तसंच लिहिलं आणि माइकवर तसंच सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवारी ऑफिसला निघण्याआधी मी शाळेत फोन लावला. क्लार्क नवा होता.

"कोण बँडसर?" तो म्हणाला. "आडनाव सांगा, मग रजिस्टर बघतो."