पवारचं नख

एकसष्टच्या डिसेंबरात आमची कंपनी दोडामार्गाच्या अलीकडे एका काजूच्या बागेत तंबू ठोकून होती. गोव्याची हद्द तिथून चालत तासाभरावर. हुकूम यायचा होता. मी लान्स नाईक परब, नर्सिंग असिस्टंट, गाव मालवणच्या खाडीकाठचं. लोक आता मला विचारतात, परबानू, गोव्याच्या कारवाईत तुम्ही काय केलंत? मी सांगतो, पाय बघितले. लोक हसतात. हसोत बापडे. ज्याला पाच मैल बुटात चालायचं नाही, त्याला पाय म्हणजे काय ते कळत नाही.

त्या वर्षीचा पावसाळा आम्ही आसामच्या जंगलात काढला होता. तीन महिने मोजे सुकले नव्हते. निम्म्या कंपनीच्या पायांना चिखल्या झाल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, सोलते, खाज सुटली की माणूस बूट काढून दगडावर पाय घासतो. लावणीच्या शेतात उभा राहिलेला प्रत्येक कोकणी माणूस हे दुखणं ओळखतो. हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं.

आमचे आर.एम.ओ., म्हणजे बटालियनचे डॉक्टर, कॅप्टनसाहेब, या बाबतीत फार कडक होते. त्यांच्याकडे एक पिवळट मलम होतं. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की हे मलम कातडी सोलतं, म्हणूनच त्याचा उपयोग आहे, आणि म्हणूनच ते जखमेवर गेलं तर घात करतं. पाय धुवायचा. बेचकं कोरडं करायचं, अगदी कोरडं. मग पातळ थर, सकाळ-संध्याकाळ, आणि बूट घालण्याआधी बेचक्यांत पातळ पावडर. खाज थांबली म्हणून मलम थांबवायचं नाही, पुढे दोन आठवडे लावायचं, कारण बुरशी वरून मरते आणि खाली टिकून राहते. भाजल्यासारखं झालं तर त्याच क्षणी धुवून टाकायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. डोळ्याला, जांघेला ते बोट लावायचं नाही. दुसरं काहीही त्यात मिसळायचं नाही. आणि शेवटचं असं, की डबी शिपायाच्या हातात द्यायची नाही. लावून होईस्तोवर समोर उभं राहायचं.

हे शेवटचं कलम मला उगाच वाटायचं. मोठी माणसं ती, त्यांना मलम लावता येत नाही काय?

नाईक महादू पवारच्या बाबतीत मात्र मला उभं राहून बघावं लागत नसे. तो कोल्हापूरकडचा, घाटावरचा, बटालियनचा पैलवान. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, भुसभुशीत झालं होतं. रजेवर गेला तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने, जो गावच्या तालमीचा वस्ताद होता, त्याला लाल मातीत उतरू दिलं नाही. म्हणाला, हे नख घेऊन हौद्यात उतरलास तर सगळ्या पोरांना लागण होईल, साफ करून ये. सगळ्यांसमोर म्हणाला. पवारला ते लागलं होतं. डॉक्टरसाहेबांनी त्याला स्पष्ट सांगितलं की नखाचा भरवसा नाही, नवीन नख मुळापासून वर यायला वर्ष लागतं, तोवर रोज कानस मारायची आणि पेंट लावायचं. एक दिवस चुकलं तरी चालणार नाही. पवार म्हणाला, "जी." आणि एक दिवसही चुकला नाही. कानस त्याची स्वतःची, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. संध्याकाळी पाच वाजता दगडावर बसून लाल पेंट लावायचा, सुकेपर्यंत पाय पसरून बसायचा. आम्ही त्याला नवरीसारखी मेंदी लावतो म्हणून चिडवायचो. तो म्हणायचा, चिडवा, चैतात भावाच्या पुढ्यात लांग घालून उभा राहीन तेव्हा बघा.

आता गावडेचं सांगतो. शिपाई विठू गावडे त्याच मुलखातला, त्याचं घर छावणीपासून दोन कोसांवर. त्याची बहीण हद्दीपलीकडच्या गावात दिलेली. नाकाबंदी झाली आणि येणं-जाणं तुटलं. सहा वर्षं बहीण-भावाची भेट नव्हती. पलीकडच्या गुरांच्या वाटा त्याला अंगणासारख्या माहीत, म्हणून कंपनी कमांडरनी त्याला पुढच्या सेक्शनचा वाटाड्या नेमला. त्या दिवसापासून गडी हवेत होता.

हुकमाच्या चार दिवस आधी त्याची आई छावणीच्या गेटवर आली. उन्हातून चालत आलेली, डोक्यावर टोपली. टोपलीत तांदळाचे लाडू, सुके बांगडे आणि चिंधीचं बूच लावलेली एक लहान बाटली. बाटलीत काजूबीच्या टरफलाचं तेल. आमच्याकडे टाचांच्या भेगांना आणि चिखल्यांना ते लावतात. जळजळीत असतं, कातडी काळी पडते, पण जुनी माणसं म्हणतात जळलं म्हणजे लागू पडलं. मी तिथेच होतो. दोन लाडू खाल्ले. बाटली बघितली आणि काही बोललो नाही. माझ्या बापाशीनही दर लावणीला तेच लावलेलं. मला त्यात वावगं काही दिसलंच नाही. सगळं शिकून मी कोरडाच राहिलो होतो.

त्याच संध्याकाळी गावडे मलम मागायला आला. माझ्यासमोर स्ट्रेचर आणि ड्रेसिंगच्या पेट्या पडल्या होत्या, सगळं बांधून तयार ठेवायचं होतं. मी डबी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, पातळ लाव. गावचा माणूस, ऐकेल.

हुकूम आला. उद्या पहाटे कूच. संध्याकाळी पाच वाजता फूट इन्स्पेक्शन. तीस माणसं रांगेत, पाय पुढे. गावडेचे पाय पांढरेफटक, पावडर फासलेली. विचारलं तर म्हणाला, "बरो आसंय मी." बोटं फाकवून बघायला हवी होती. मी वाकलो नाही. दिवसभर वाकून कंबर गेली होती, आणि पुढे अजून बाराजण होते. हे कारण मी गेली कित्येक वर्षं स्वतःला देतो आहे. ते पुरत नाही.

सकाळी साडेचारला फॉल इन. गावडे तंबूतून बाहेर येईना. मी आत गेलो. त्याने उजवा बूट अर्धा चढवला होता, दात आवळून. मी बूट काढला, मोजा कातडीसकट आला. बेचकी काळी, भोवती फोड, फुटलेले, खाली लाल मांस. पाय गुडघ्यापर्यंत तापलेला.

"ह्या काय लावलंस?"

"मलमान लवकर बरा व्हयना. आवशीचा तेल लावलंय. वर मलम. मगे पट्टी घट्ट बांधलंय."

चार दिवस. तेलाने भाजलेल्या कातडीवर सोलणारं मलम, वर पट्टी, वर बूट. त्याने माझा हात धरला.

"परबा, डॉक्टराक सांगू नको. माका जावचा आसा. भयण आसा थंय."

मी सांगितलं. पाचला पाच मिनिटं कमी असताना डॉक्टरसाहेबांनी त्याला मागे ठेवलं. सुभेदारसाहेबांनी विचारलं, वाट कोण दाखवणार? पवार पुढे झाला. त्याने गावडेजवळ बसून वाट समजून घेतली. ओहोळ, मग काजूची बाग, मग दगडी गडगा, गडग्यातल्या खिंडारातून पलीकडे. पवारने सगळं दोनदा म्हणून दाखवलं. गडग्याला दोन खिंडारं होती. गावडेला ते सांगायचं सुचलं नाही, कारण त्या मुलखात गुरंसुद्धा वरच्यातूनच जातात. दोष कुणाचा म्हणणार?

सहा दहाला अ‍ॅडव्हान्स. मी कंपनी हेडक्वार्टरबरोबर मागे. सात पाचला वायरलेस बोलला.

"माइन. एक कॅज्युअल्टी. नर्सिंग असिस्टंट आगे भेजो. ओव्हर."

मी सात वीसला पोचलो. खालचं खिंडार, सुरुंग तिथेच पुरलेला. पवारचा डावा पाय मांडीपासून गेला होता. रक्त थांबवायला टूर्निके बांधला, मॉर्फिया दिलं, आणि पुढे करण्यासारखं काही नव्हतं हे दोघांनाही कळत होतं. तो शुद्धीवर होता. एकच वाक्य बोलला.

"गावड्याला कुणी बोलायचं न्हाई."

सात चाळीसला गेला. त्या दिवशी कंपनीत दुसरं कुणी पडलं नाही. दुसऱ्या दिवशी गोव्यातले लोक आम्हाला हार घालत होते. मला तो हार मानेला टोचत होता.

गावडेला मी बोललो नाही. त्याने विचारलं, पवार कसो गेलो? मी म्हटलं, लगेच गेलो. त्याच्या आईला तर तेलाचं कधी कुणी सांगितलंच नाही. बहीण त्याला पुढच्या आठवड्यात भेटली. मला वाटतं, दोघं बोलली कमी आणि रडली जास्त. गावडे अजून नोकरीत आहे. रजेवर आला की मालवणला माझ्याकडे येतो, ओसरीवर बसतो आणि न सांगता वहाणा काढून पाय पुढे करतो. बोटं फाकवून दाखवतो. चट्टे राहिलेत, बाकी पाय ठणठणीत. मी दर वेळी वाकून बघतो.

मी सहासष्टला पेन्शनवर आलो. गावातले लोक नायट्यावर, चिखल्यांवर मलम मागायला येतात. मी त्यांना आधी दवाखान्यात पाठवतो, आणि डॉक्टरने दिलेलं मलम घेऊन आले की माझ्यासमोर लावायला लावतो. डबी उघड, पाय धू, पूस, अजून पूस. लोक वैतागतात. म्हातारा हट्टी झालाय म्हणतात. काजूचं तेल लावलेला पाय आला तर मी ओरडतो, आणि एवढ्या तेलासाठी हा एवढा का ओरडतो हे कुणाला कळत नाही. मलाही आता दम लागतो ओरडून.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहून गेली. पवारच्या भावाला कंपनीकडून पत्र गेलं. मराठीत मीच लिहिलं होतं. नाईक महादू पवार कर्तव्य बजावताना कामी आले, शूर होते, त्रास झाला नाही. जे लिहायचं असतं ते लिहिलं.

जे लिहिलं नाही ते असं. त्या गडग्यापाशी, तो गेल्यावर, मी त्याचा उरलेला बूट काढला. मोजा कोरडा होता. बेचक्यांत पावडर, पातळ, जशी सांगितली होती तशी. अंगठ्याला आदल्या संध्याकाळचं लाल पेंट होतं. मी स्पिरिटने पुसून बघितलं. नख मुळापासून तीन हिस्से साफ आलं होतं, गुलाबी, लहान मुलाच्या नखासारखं. फक्त टोकाला चंद्रकोरीसारखं बारीक पिवळं राहिलं होतं. चैतापर्यंत तेही गेलं असतं.

वस्ताद, तुम्ही साफ करून ये म्हणाला होतात. तो साफ करून येत होता.